रांगेतल्या चपला

माझ्या वर्गाबाहेर पोरांच्या चपलांची रांग लागते. मी हजेरी घेते आणि मग चपला मोजते. एक जोड जास्त आहे असं मला सारखं वाटत राहतं. मोजल्यावर जास्त निघत नाही, तरी मी पुन्हा मोजते. पोरं हसतात. हसू देत मेल्यांना.

काही वर्षांपूर्वी एका निवडणुकीत नागपुरातल्या जरीपटक्याकडच्या एका शाळेत मी केंद्राध्यक्ष होते, म्हणजे त्या मतदान केंद्राची सगळी जबाबदारी माझी. फाटकावर केंद्रीय दलाचा एक जवान, खांद्यावर बंदूक. प्रशिक्षणात आमच्याकडून घोकून घेतलं होतं, तो बाहेर, आपण आत, आपण बोलावल्याशिवाय तो खोलीत येणार नाही. सकाळी त्याला पाहून मला धीरच आला होता, खोटं कशाला बोलू!

दुपारी मशीन तासभर बंद पडलं. कपाळ माझं! रांग फाटकाबाहेर पार रस्त्यावर गेली. नागपूरचं ऊन, सावली औषधालाही नाही. आपल्याकडे मग माणसं काय करतात? चपला रांगेत ठेवतात आणि समोरच्या दुकानाच्या छपराखाली जाऊन बसतात. पाय भाजले तरी चालतील, नंबर जायला नको. रांग सरकली की मागचा माणूस त्या चपला पायानं पुढे ढकलतो. राशनच्या रांगेपासूनची रीत आहे ही.

सहाच्या ठोक्याला जे रांगेत असतील त्यांना माझ्या सहीची चिठ्ठी द्यायची आणि फाटक लावायचं, असा नियम. बसलेले सगळे धावत येऊन उभे राहिले. एका म्हातारीला तेवढी डुलकी लागली होती. जवान दूरच्या राज्यातला, त्याला चपलांचं काय माहीत? त्यानं माणसं मोजून आत घेतली आणि फाटक लावलं. तिच्या चपला बाहेर रस्त्यावर राहिल्या.

निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसलेली, काठीसारखी बाई. फाटक धरून ओरडत होती, "माह्या चपला होत्या ना रांगेत! मले काहून नाही जाऊ देऊन राहिला गा? आजवर एक इलेक्शन नाही सोडलं मी!"

जवान माझ्या दाराशी आला. उंबऱ्याबाहेरच थांबला. म्हातारीची मतदार चिठ्ठी त्यानं माझ्या हातात दिली. "मॅडम, अम्मा की चप्पल लाइन में थी. सब बोल रहे हैं. आप लिख दो तो मैं गेट खोल दूँ."

घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं. पक्षांचे दोन प्रतिनिधी माझ्या तोंडाकडे पाहत होते. एक म्हणाला, "द्या ना मॅडम, म्हातारी आहे." दुसरा म्हणाला, "माझी हरकत लिहून घ्या." मागच्या खेपेला आमच्या एका सरांना अशाच गोष्टीवरून नोटीस आली होती. म्हटलं, कशाला विषाची परीक्षा? मी म्हणाले, "नियमात बसत नाही."

"जी," म्हणाला आणि गेला. खिडकीतून दिसलं मला सगळं. तिच्यापुढे त्यानं हात जोडले. मग फाटकाबाहेर जाऊन तिच्या चपला शोधल्या आणि वाकून तिच्या पायांपुढे नीट लावून ठेवल्या. तिनं त्या घातल्या नाहीत. हातात घेऊन तशीच निघाली.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी काय सांगितलं? "बंदूकवाल्यानं एका म्हातारीला हाकललं हो!" सगळे हळहळले. पुढे वर्षानुवर्षं मी हेच सांगत आले. सगळं खापर त्याच्या डोक्यावर. लाज वाटते मला.

तिची मतदार चिठ्ठी माझ्याच कागदांत राहिली होती. पुढच्या निवडणुकीला पुन्हा तीच शाळा मिळाली, तेव्हा मी आधी यादी उघडली. तिच्या नावावर आडवा शिक्का होता, नाव वगळल्याचा. शेजारच्या बायांना विचारलं. "गेली ना वं बाई ते, मागच्या हिवाळ्यात," म्हणाल्या. म्हणजे तिचं शेवटचं मतदान तेच होतं, जे झालं नाही.

यंदा प्रशिक्षणात एका नव्या मुलीनं भीत भीत विचारलं, "मॅडम, ते बंदूकवाले आपलं ऐकतात का हो?"

"ऐकतात," मी म्हटलं. "माझं ऐकलं होतं."