तिसऱ्या सीडीतलं सहावं गाणं

इंदापुरात राहायला आले त्या पहिल्याच सकाळी, मी गॅसवर दूध ठेवत असताना, खालच्या गोदामातून एका माणसाची किंकाळी आली. साधीसुधी नाही. रसवंतीच्या चरकात हात सापडल्यावर माणूस ओरडेल तशी. मी दूध तसंच सोडलं आणि हळदीचा डबा घेऊन जिना उतरले. खाली गल्ली अगदी निवांत. समोरच्या काकू दारात बसून तांदूळ निवडत होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय न्हाय ओ बाई, आबांचं टेस्टिंग चाललंय." तोवर वर माझं दूध उतू गेलं होतं.

आबा म्हणजे माझे घरमालक. मी इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आले आणि त्यांच्या गोदामावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. गोदाम स्पीकरचं. लग्न, जत्रा, सप्ताह, शाळेचं गॅदरिंग, जिथं म्हणून एकाचं बोलणं चारशेजणांना ऐकवायचं असेल तिथं कर्णे आबांचे. उंच, वाळकं शरीर, पांढरा पायजमा, खांद्यावर वायरचं वेटोळं. स्वतः मात्र बोलायला महाकंजूस. ज्याचा धंदाच आवाजाचा त्यानं घरी गप्प बसावं, हे तसं बरोबरच आहे म्हणा. हलवाई कुठं स्वतःचे पेढे खातो?

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. आबांनी मला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि समजावलं, "सनई लावून कर्णा कळत न्हाय बाई. सनई गरीब असती, फाटक्या पडद्याच्या युनिटमदनं बी गोडच येती. हे कॅनडावालं कसं, येक मिनिट कुजबुजत्यात, आन् मग बोंब ठोकत्यात. कुजबूज शेवटच्या रांगंला पोचली आन् बोंब फाटली न्हाय, की कर्णा पास."

'कॅनडावाले' हा एक बँड होता. नाव चार शब्दांचं, लांबलचक, ते आबांनी कधी घेतलं नाही. मी शोधून पाहिलं तर या संगीताला पोस्ट-हार्डकोअर म्हणतात असं कळलं. आबांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, "हार्डकोअरच्या नंतरचं." ते गंभीरपणे म्हणाले, "मग आदीचं ह्याच्यापेक्षा जोरात आसंल का?" इंग्रजीच्या शिक्षिकेला सगळं येतं, हा आबांचा गैरसमज त्या दिवशी दूर झाला.

या बँडनं एकंदर पाच सीड्या काढल्या आणि मग मंडळी आपापल्या वाटेनं गेली. पाचही आबांकडे होत्या, जुन्या बिस्किटांच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेल्या. कव्हरवरचं बारीक इंग्रजी मी वाचून दाखवायचं आणि आबांनी मत द्यायचं, असा आमचा रविवार दुपारचा परिपाठच पडला. मत ठाम असे. "पयली सीडी उपाशी पोरांची. तळघरात केल्याली हाय, मोरीत वरडल्यावानी येती, पन खरी. दुसरीत जरा जेवल्यात. चौथीत दमली पोरं. आवाज झ्याक, भूक गेली." पाचवी भर कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेली होती. तिच्याबद्दल ते एवढंच म्हणत, "माईकवाला कच्चा."

तिसरीबद्दल मात्र काही बोलत नसत. ती नुसती लावत. आणि तिसऱ्या सीडीतलं सहावं गाणं लागलं की डोळे मिटून, मान डावीकडे कलती करून बसत. त्या गाण्याच्या शेवटी गिटार थांबते आणि दहा-अकरा माणसं एकदम एकच ओळ ओरडतात. पाच-सहा सेकंदांचं काम. आबा ते पुन्हा लावत. पुन्हा. दारातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत असे, पलीकडे कुणाचा तरी ट्रॅक्टर धुतला जात असे, आणि आम्ही दोघं त्या परक्या ओरड्यात बुडून बसलेले असू. मला डुलकी लागायची. कुणी म्हणेल अशा गोंगाटात झोप कशी लागते? लागते. पाचव्या-सहाव्या वेळेला तो आवाज राहतच नाही, नुसतं पाणी वाहत असल्यासारखं वाटतं.

एकदा मी विचारलंच, "आबा, काय शोधताय एवढं?"

त्यांनी डब्याच्या तळातून चिठ्ठी काढली. त्यांची एकुलती एक मुलगी ज्योती, बारामतीला इंजिनिअर होऊन कॅनडाला गेलेली. तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण या बँडच्या ढोलवाल्याची बहीण. ओरडायला माणसं कमी पडली म्हणून एक दिवस स्टुडिओत ज्योतीलाही नेलं. सीडीबरोबर तिनं लिहिलं होतं: 'आबा, तिसऱ्या सीडीत सहाव्या गाण्याच्या शेवटी मीपण आहे. ओळखा बघू.'

"आट वरसं झाली," आबा म्हणाले. "सापडंना."

पोरगी सुरुवातीला दर फोनला हसत विचारायची, सापडले का मी? आबा म्हणायचे, शोधतोय. मग तिनं विचारणं सोडलं. आबांनी शोधणं सोडलं नाही. स्वतःच्या पोरीचा आवाज बापाला ओळखता येऊ नये, हे त्यांना आतून कुरतडत होतं. ज्या माणसाला अर्ध्या मैलावरून कुठल्या कर्ण्याचं युनिट गेलंय ते कळे, त्याला हे कळू नये! टेस्टिंग हे निमित्त होतं. जिथं कर्णा चढवतील तिथं आधी ते सहावं गाणं लावत, की या गावच्या हवेत तरी आवाज सुटे होतील.

त्यापायी नरसिंहपुरात घोटाळा झाला. उत्सवाचं कीर्तन होतं, प्रल्हादाचं आख्यान. टेस्टिंगनंतर आबा सीडी काढायला विसरले आणि ऐन कीर्तनात त्यांचं कोपर बटणावर पडलं. बुवा सांगत होते, प्रल्हाद पाळण्यात खेळतोय. तेवढ्यात चारी कर्ण्यांतून कॅनडावाले गरजले. पुढे बसलेल्या एका म्हातारबांनी हात जोडून "खांब फुटला!" म्हणून साष्टांग लोटांगण घातलं. बुवा कसलेले. टाळ न थांबवता म्हणाले, "देवाला घाई झाली. आपण मात्र क्रमाक्रमानं जाऊ." हे सांगताना आबा स्वतः कधी हसत नसत. "बुवांनी लाज राखली," एवढंच म्हणत आणि कानाची पाळी धरत.

पळसदेवला मी त्यांच्याबरोबर होते. मे महिना, धरणाचं पाणी ओसरलेलं, एरवी पाण्याखाली असणारं जुनं देऊळ चिखलातून कमरेइतकं वर आलेलं. ज्या लग्नाचे कर्णे लावायला गेलो होतो ते दुसऱ्या दिवशी होतं. आबांनी एक कर्णा टेम्पोच्या टपावर चढवला, पाण्याकडे तोंड केलं आणि गाणं सोडलं. आवाज पाण्यावरून लांब गेला, देवळाला लागला आणि थोड्या वेळानं पातळ होऊन परत आला. उथळ पाण्यात उभे असलेले शेकडो रोहित पक्षी एकदम उठले आणि सगळं आभाळ घटकाभर गुलाबी झालं. पक्ष्यांचे फोटो काढायला पुण्याहून आलेली मंडळी आमच्यावर खवळली. त्यांचं चुकलंही नव्हतं. मी माफी मागत होते, आणि आबा काठाशी उभे राहून बोटं मोजत होते. दहा, अकरा. अकरा गळे आहेत हे त्यांनी त्या दिवशी पक्कं केलं.

मग त्यांनी अकरा गळ्यांना नावं दिली. सर्दीवाला, बोकड, म्हातारा, रडकी, लाजरी. अकरावा आवाज बाईचाच होता, सगळ्यांत वरचा, खरखरीत, घसा सोलून काढणारा. आबांची मदार लाजरीवर होती. "ज्योती असंल तर हीच. पन मन भरत न्हाय," म्हणायचे.

"आणि ती वरची?" मी विचारलं.

"ती आपली न्हवं," आबा लगेच म्हणाले. "ती लई रागात हाय."

मला तेव्हाच शंका आली होती. बापाला असं कसं सांगायचं?

थोड्या वेळानं ते आपणहूनच म्हणाले, "खरं सांगू का बाई? मला तिचा वरचा आवाज म्हाईतच न्हाय. ल्हान हुती तवा माईक हातात घिऊन हॅलो हॅलो करायची. जत्रंत येकदा सगळ्यांम्होरं मी तिच्या हातनं माईक हिसकला. म्हनलं, पोरीच्या जातीनं येवढ्या मोठ्यानं बोलू न्हाय. त्या दिसापास्नं हळू बोलाय लागली ती. येवढी हळू, की कान द्यावा लागायचा. मला वाटलं, शिकली पोरगी." मग ते वायर गुंडाळत बसले. गुंडाळलेलीच वायर ते पुन्हा गुंडाळत होते.

मला आबांचा लळा लागला होता, म्हणून त्यांचे कान जात असल्याचं आधी मलाच कळलं. चाळीस वर्षं कर्ण्याखाली काढलेला माणूस. टेस्टिंगचा आवाज दर महिन्याला थोडा चढत गेला. कुजबूज शेवटच्या रांगेला पोचली का, हे आता ते मला उभं करून विचारत. बारामतीच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं, ते दोन दिवसांत डब्यात गेलं. "त्यात माणसापरास भांडी मोठ्यानं बोलत्यात," ही तक्रार. एका रविवारी त्यांनी सहावं गाणं लावलं, संपलं तरी मान कलती करून बसून राहिले. मीच जाऊन बंद केलं. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "झालं व्हय?"

ज्योती आली ती त्यानंतरच्या डिसेंबरात. आई गेली तेव्हा कोरोनात विमानं बंद होती, तेव्हाही येता आलं नव्हतं; कॅनडाला गेल्यावर दहा वर्षांनी ती पहिल्यांदाच आली. बुटकी, चष्मेवाली, केस बारीक कापलेले. बोलणं खरंच इतकं हळू की मीसुद्धा दोनदा "काय?" म्हटलं. आबा तिच्याकडे बघून नुसते हसत आणि सगळ्याला मान डोलवत. ती म्हणे, जेवलात का? आबा मान डोलवत. गोळी घेतली का? मान. न घेताच मान. दोन दिवस हे चाललं. तिला वाटलं, हा आबांचा जुनाच कमी बोलायचा स्वभाव. मी सांगितलं, अगं, ऐकू येत नाही त्यांना. पण सांगून कळणं वेगळं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी जिन्यात उभी होते. अंगणाच्या एका टोकाला आबा कर्णा पुसत बसलेले, दुसऱ्या टोकाला ज्योती, हातात ते कानाचं यंत्र. काहीतरी म्हणाली. आबांनी मान डोलवली. पुन्हा म्हणाली. पुन्हा मान. आणि मग त्या पोरीचा बांध फुटला.

"कानात घाला म्हणते ना मी!"

समोरच्या काकूंचा हात सुपातच राहिला. आबांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"परत म्हन," ते म्हणाले.

ज्योतीला वाटलं, हेही ऐकू आलं नाही. ती आणखी वर चढली. "ऐका माझं! एकदा तरी ऐका! आयुष्यभर हळू बोल, हळू बोल... आता ऐका!" खरखरीत, घसा सोलून काढणारा आवाज. मी तो शंभर रविवार ऐकला होता.

आबा उठले. अंगण ओलांडून तिच्यापाशी गेले. डोळे वाहत होते, पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"अकरावी," ते म्हणाले. "डाव्या अंगाला, सगळ्यांच्या वर. मी म्हनायचो, ही आपली न्हवं, ही लई रागात हाय." मग म्हणाले, "माज्यावरच हुतीस न्हवं?"

ज्योती तिच्या नेहमीच्या आवाजात काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हललेले मला दिसले, शब्द जिन्यापर्यंत आले नाहीत. आबांपर्यंतही गेले नाहीत. आबा आता नाहीत, ज्योती तिकडे आहे, आणि ती काय म्हणाली हे मी तिला कधी विचारलेलं नाही. आबांनी मात्र तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्याही नकळत, अर्ध्या इंदापूरला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले,

"मोठ्यानं बोल, पोरी. मोठ्यानं बोल."