मास्तरीणबाईंची खोली

सौंसरचं घर विकून आम्हाला मुलाजवळ नागपूरला जायचं होतं. त्यात मला भीती फक्त समोरच्या शिलाईवाल्या बाईची होती. आमच्या खोल्या तिच्या लेखी आधीच्याच लोकांच्या होत्या. काज करता करता ती विचारायची, "भाभी, कंपाउंडरच्या खोलीत पंखा लावला का?" मागची खोली मास्तरीणबाईंची. तिथंच त्यांनी जीव दिला होता. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी पाण्याची घागर भरतात. आपल्या घरची भरून झाली, की शिलाईवाली एक घागर मास्तरीणबाईंसाठी आमच्या मागच्या दारात आणून ठेवायची.

पांढुर्ण्याचं गिऱ्हाईक मुहूर्त साधून नेमकं अखाजीलाच आलं. सकाळीच मी तिला बजावलं होतं, "आज घागर नको आणि तोंडही उघडू नको." तिनं नुसतं ऐकून घेतलं.

घर बघायला आलेल्या पाहुणीनं लेकीचा पलंग मागच्या खोलीत लावायचं ठरवलं, तेवढ्यात शिलाईवाली घागर घेऊन मागच्या दारात उभी.

"ही कोनासाठी?" पाहुणीनं विचारलं.

"भाभीले इचारा. घर त्यायचं हाय."

एरवी थांबवून थांबत नसे, ती एवढं बोलून गप्प राहिली. दोघी माझ्याकडं पाहत होत्या. मी सगळं सांगितलं. पाहुणे बयाणा न देताच उठले.

तिनं घागर जागेवर ठेवली. "मन हलकं वाटून राहिलं न, भाभी?"

"नाही," मी म्हणाले.