ब्रेककाकांची यादी

आइस हॉकीच्या सामन्यात ब्रेककाका चकतीकडे कधीच बघत नसत. सगळ्या स्टेडियमच्या माना त्या काळ्या रबरी चकतीबरोबर डावीकडून उजवीकडे फिरत असायच्या आणि काकांची नजर मात्र लांब उभ्या असलेल्या एखाद्या बचावपटूवर खिळलेली. गोल झाला की लोक ओरडत उठायचे. काका बसल्या जागी मांडीवरच्या आलेखाच्या कागदावर काहीतरी टिपायचे. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मी विचारलं, "काका, गोल बघितलात ना?"

"गोल काय बघायचा? तो फलकावर दिसतोच. जो गोल झाला नाही तो बघायला आलोय मी."

ते मूळचे मिरजेचे. कॉलेजात असताना मातीच्या मैदानावर हॉकी खेळलेले, तेही बचाव फळीतच. जर्मनीत ब्राउनश्वाइगजवळच्या एका कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, म्हणून इथल्या मराठी मंडळात ते ब्रेककाका. मी पीएच.डी.साठी आले तेव्हा त्यांच्या घराची वरची खोली मला मिळाली. आन्मेल्डुंगच्या दिवशी, म्हणजे पत्ता नोंदवायला जायचं त्या दिवशी, मी घाबरलेय हे ओळखून ते स्वतः रजा टाकून बरोबर आले आणि वाटेत ट्राममध्ये मला बचावपटूने मागे मागे कसं सरकावं ते समजावत राहिले. माझी पदवी चार वर्षं लांब होती, पण त्यांनी पहिल्या दिवसापासून मला 'डॉक्टर'च म्हटलं. चाचणीच्या ट्रॅकवर ओरडून बोलायची सवय असल्यामुळे "डॉक्टर, चहा!" ही हाक शेजारच्या तिन्ही घरांना ऐकू जायची.

रविवारचा सामना दुपारीच संपायचा. घरी आलं की जेवणाच्या टेबलावर यादी व्हायची. एका कागदावर अख्ख्या लीगमधले बारा उत्तम बचावपटू, दुसऱ्यावर आमच्या भागातल्या संघाचे आठ. नियम कडक होते. बचावपटूने गोल केला तर त्याचे गुण नाहीत. दणदणीत धडक मारून समोरच्याला काचेवर आपटलं तरी नाहीत. "धडक मारावी लागली म्हणजे आधीची जागा चुकली होती," असं त्यांचं म्हणणं. सलग तीन मोसम त्यांचा पहिला नंबर एका छत्तिशीतल्या, संथ वाटणाऱ्या फिनिश खेळाडूचा होता. त्याच्या नावाने स्टेडियममध्ये कुणी घोषणा देत नसे. "त्याच्या बाजूने कुणी येतच नाही," काका म्हणायचे. "का येत नाहीत, हे कळायला मला दोन वर्षं लागली."

काकूंना त्या खेळाचं प्रेम नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष रोहनवर. रोहन त्यांचा एकुलता एक मुलगा. चौथ्या वर्षी बर्फावर उभा राहिलेला, आणि वडिलांचं बघून अर्थातच बचावपटू झालेला. आईवडील मराठीत बोलायचे, तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी त्याला आमच्या संघाने व्यावसायिक करार दिला. काकूंनी मंडळात पेढे वाटले. सगळ्यांनी काकांना एकच प्रश्न विचारला, "मग आता यादीत रोहन कितवा?"

"वीस सामने होऊ देत," काका म्हणाले. "नव्या ब्रेकला पण आपण आधी घासून बघतो."

वीस सामने झाले. त्या रविवारी काका कागदापुढे फार वेळ बसून राहिले. मग त्यांनी संघाच्या यादीत रोहनचं नाव आठव्या जागी लिहिलं. आठांपैकी आठवा. काकू म्हणाल्या, "अहो, पोटचा मुलगा आहे तुमचा. खोडा ते."

"खोडलं तर वरच्या सातांवर अन्याय होईल. डावीकडे वळताना त्याचं वजन मागे राहतं. मी सांगेन त्याला नीट, समोर बसवून."

पुढचं मी केलं. काका हात धुवायला उठले होते. मी त्या कागदाचा फोटो काढला आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'याला म्हणतात निःपक्ष वडील!' त्यात माझा काही वाईट हेतू नव्हता. मला काकांचा अभिमान वाटला होता. दहा मिनिटांत चाळीसेक हसरे चेहरे आले. रोहन त्या ग्रुपमध्ये नव्हता, पण त्याच्या वयाची तीन-चार मुलं होती. पुढच्या कार्यक्रमाला रोहन आला तेव्हा कुणीतरी हॉलच्या दारातच म्हणालं, "या आठवे, बसा!" मोठी माणसंही हसली. रोहनला मराठी उत्तम समजायचं. तो जेवला नाही. जाताना वडिलांजवळ थांबून जर्मनमध्ये एवढंच म्हणाला, "बाबा, मला आधी सांगायचंस."

काकांना फोटोबद्दल तेव्हा कळलं. ते माझ्यावर चिडतील म्हणून मी दोन दिवस खोलीतून खाली आले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी हाक आली, "डॉक्टर, चहा!" चहा घेताना मी रडत माफी मागितली. ते म्हणाले, "तू फक्त दाखवलंस. लिहिलं मी." त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्याजवळ कधी काढला नाही. त्यांनी मला चांगलं झापलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या मोसमात रोहन वेगळाच खेळायला लागला. समोरून येणाऱ्या फटक्यापुढे स्वतःला झोकून द्यायचा, कोपऱ्यात दोघांच्या मधे घुसायचा. पडला की झटकन उठायचा. काकांच्या यादीत तो सहावा झाला, मग पाचवा. नाताळच्या आधीच्या रविवारी काकांनी त्याला चौथ्या जागी लिहिलं आणि नावापुढे दोन शब्द टिपले, 'संकोच गेला'. यावेळी त्यांनी स्वतः फोन लावला. "चौथा!" ते ओरडले. "ऐकलंस का, चौथा! आणि मी कुणाला सांगितलेलं नाही, आधी तुलाच." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवल्यावर काका काकूंना म्हणाले, "आज छान बोलला."

सहा आठवड्यांनी, घरच्याच मैदानावर, रोहन पडला. मी काकांच्या शेजारी बसले होते. धडक अशी काही मोठी नव्हती. खांदा चाटून गेला फक्त. पण रोहन सरळ तोंडावर कोसळला. आजूबाजूचे लोक अजून चकती कुठे गेली ते बघत होते. काका उभे राहिले होते. "हात पुढे आले नाहीत," ते म्हणाले. "डॉक्टर, पडताना त्याचे हात पुढे आले नाहीत." आयुष्यभर बचावपटूंची अंगं वाचलेला माणूस होता तो. खाली स्ट्रेचर येण्याआधीच त्यांना कळलं होतं, पडायच्या आधीच त्याची शुद्ध गेली होती.

डोक्याला बसलेला तो तिसरा मार होता. आधीचे दोन रोहनने लपवले होते. डोकं दुखतं हे संघाच्या डॉक्टरला सांगितलं नाही, प्रशिक्षकालाही नाही. आपल्याला बाहेर बसवतील आणि मिळालेली जागा जाईल, ही भीती. हे त्याने इस्पितळात आईला सांगितलं. काकू बाहेर आल्या आणि कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर काकांना म्हणाल्या, "संकोच गेला म्हणालात ना? शुद्ध जात होती त्याची. तुम्हाला नाही दिसली?"

 घरी येऊन काकांनी जुने कागद काढले आणि त्या सहा आठवड्यांतला प्रत्येक सामना परत वाचला. दोन ठिकाणी त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं की रोहन बदली खेळाडूंच्या बाकाकडे जाताना वाकडा गेला. पुढे कंसात 'दमला असावा'. ते त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं. त्यानंतर त्यांनी यादी केली नाही आणि स्टेडियममध्येही पाऊल टाकलं नाही.

रोहनचा खेळ संपला. उजेड सहन होत नव्हता, आवाज सहन होत नव्हता, बोलताना मधेच शब्द हरवायचे. इस्पितळातून सुटल्यावर घरी न येता तो कार्ल्सरूहेला त्याच्या मैत्रिणीकडे, लेनाकडे, राहायला गेला. पहिल्या भेटीत काका खोलीत शिरून नेहमीच्या आवाजात "रोहन!" म्हणाले आणि रोहनने दोन्ही कान दाबून भिंतीकडे तोंड फिरवलं. लेनाने त्यांना हळूच बाहेर आणलं.

घरी आल्यावर काका हळू बोलायला शिकू लागले. खरंच शिकू लागले. दुपारी स्वयंपाकघरात काकूंना खुर्चीवर बसवायचे, स्वतः शेजारच्या खुर्चीवर बसून कुजबुजायचे आणि विचारायचे, "आता? आत्ताचा जास्त होता का?" काकू डोळे मिटून बसायच्या आणि मान हलवून हो-नाही सांगायच्या. त्या दोघांचं नवऱ्याबायकोचं बोलणं त्या काळात जवळपास तेवढंच उरलं होतं. तीनेक महिन्यांत त्यांना जमलं. घर एवढं शांत झालं की मला वर अभ्यास सुचेना. सकाळची हाकही बंद झाली. ते जिना चढून येत आणि दारावर एका बोटाने टकटक करत.

मग ते दर महिन्याला गाडीने कार्ल्सरूहेला जाऊ लागले. लेना दार उघडायची आणि ओशाळून सांगायची, "तो झोपलाय." एकदाही त्यांना आत जाता आलं नाही. मी एकदा सोबत गेले होते. दार बंद झाल्यावर काका तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. मला म्हणाले, "झोपला नसेल. पण लेनाला खोटं पाडायचं नाही. ती चांगला बचाव करतेय त्याचा." ते चिडून म्हणाले नव्हते. खरोखर कौतुकाने म्हणाले होते.

पुढच्या पानगळीत त्यांना पोटाचा कर्करोग निघाला, तोही फार पुढे गेलेला. इस्पितळातून त्यांनी रोहनला रोज एक निरोप फोनवर ठेवला, त्या शिकून घेतलेल्या आवाजात. आज काय जेवलो, खिडकीतून काय दिसतं, एवढंच. हॉकीचं अवाक्षर नाही. उत्तर आलं नाही. लेनाने मला नंतर सांगितलं की रोहन ते सगळे ऐकायचा, पण उत्तर द्यायला फोन हातात घेतला की त्याला पहिला शब्दच सापडायचा नाही. हे काकांना कळवायला हवं होतं. तिने मला सांगितलं तेव्हा काकांना जाऊन चार दिवस झाले होते.

अंत्यसंस्काराला रोहन आला. काळा चष्मा लावून, लेनाचा हात धरून, दिवे कमी करायला सांगून शेवटच्या रांगेत बसला. इथे दफनभूमीचा हॉल अर्ध्या तासासाठी मिळतो. भटजी मिळाले नव्हते. मंडळातले दहा-बाराजण होते. हॉलची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी विचारलं, कुणाला बोलायचं आहे का? मी उठणार, तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रोहन पुढे आला. शवपेटीवर हात ठेवून उभा राहिला. "बाबा," तो म्हणाला, आणि थांबला. त्याचे ओठ हलत होते. आम्ही वाट बघत राहिलो. काकूंनी हात पुढे केला आणि परत मांडीवर ठेवला. कुणीही त्याला शब्द पुरवला नाही, कारण कुठला शब्द ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

तो तसाच उभा राहिला. शेवटी त्या बाई जवळ आल्या आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, माफ करा, पुढचं कुटुंब बाहेर थांबलंय.