गालातलं आमसूल

आईचा ताण मुलांच्या जनुकांवर खुणा ठेवतो का, हे तपासायला अंगणवाडीत आम्हा मायलेकींच्या गालातून कापसाच्या काडीने लाळ घेणार होते. चार वर्षांच्या लेकीवर मी रोज ओरडते, म्हणून मला धास्ती होती. आधी तिची पाळी आली. काडी लालभडक निघाली आणि मी किंचाळलेच. नर्सने तिच्या गालातून आमसूल काढलं.

“तुझो ताण आंबट आसा गो!” सोबत आलेल्या सासूबाई हसल्या.

जनुकांवरच्या अशा खुणा बदलूही शकतात, असं सांगून नर्सने आम्हाला चूळ भरून अर्ध्या तासाने बोलावलं. तेवढा वेळ तरी ओरडायचं नाही, असं मी ठरवलं. बाहेर लेकीने दुसऱ्या गालातलं आमसूल माझ्या हातावर ठेवलं. मी ते मुकाट्याने चोखलं आणि माझाही नमुना आणखी अर्धा तास लांबला.