दुबईमार्गे आलेला निरोप

माझी धाकटी जाऊ महापालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा कामतघर भागातलं आमचं घर म्हणजे लग्नघरच झालं. दोन हजार सातच्या सुमाराची गोष्ट. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून तिला उभी केली; एरवी ती भाजीवाल्याशी घासाघीसही करायची नाही. दिरांनी बजावून ठेवलेलं, "पडलीस तर परत बाहेरच्या कामाचं नाव काढायचं नाही." आणि तिला तर आता कुठं बाहेरची गोडी लागलेली!

माझी लेक अमेरिकेत. ती फोनवर म्हणाली, "आई, इथल्या मागच्या निवडणुकीत मी शेजारणीला मदत केली. इंटरनेटवर नाव नोंदवलं की अनोळखी माणसांचे नंबर मिळतात. घरी बसून फोन करायचे आणि मत मागायचं."

"अगं, माणसं चिडत नाहीत?"

"दारात गेलं तर जास्त चिडतात."

ऐकून मला हसूच आलं. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. आमच्या गल्लीत कॉम्प्युटर कुणाकडे होते हो? पण गल्लीची पोरं बाहेर होती, कुणी पुण्याला शिकायला, कुणी दुबईला कामाला. त्यांना ईमेल केलं की ती आईबापांना फोन करतील, असा माझा हिशेब. सायबर कॅफेत बसले, एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. एक पत्र लिहायला अख्खी दुपार गेली.

पोरं गुणाची. सगळ्यांनी घरी फोन केले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या मावशींनी मला बघून दार लावून घेतलं. चौदा मतांचं घर! जाऊबाईचा चेहरा पांढराफटक. मी तशीच गेले, कडी वाजवली.

"आता काय फोन करायचा र्‍हायला का?" मावशी आतूनच.

"मावशी, चुकलं माझं. दार तर उघडा."

"लगीन असतं तं अक्षता घेऊन आली असतीस का न्हाय? तुज्या दारासमोर माजं दार हाय. आन् तुजा निरोप दुबईवरून येतो? माजा पोर्‍या इचारतो, 'आये, काकू तुज्याशी बोलत न्हाय का?'"

पुढचे आठ दिवस आम्ही दोघी जावा कुंकवाचा करंडा घेऊन घरोघर माफी मागत फिरलो. मत मागायला आलेलं माणूस उभ्या उभ्या जातं, पण माफी मागायला आलेल्याला बसावंच लागतं. चहा पिऊन पिऊन माझं पित्त खवळलं. जाऊबाई मात्र बोलायला लागली. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या दारात गटार तुंबलेलं, सगळं तिला तोंडपाठ झालं. मावशींनी कुंकू लावून घेतलं, पण मताबद्दल चकार शब्द नाही.

मतदानाच्या दिवशी चार वाजले तरी समोरच्या घरातून एक माणूस बाहेर पडला नव्हता. जाऊबाई म्हणाली, "वहिनी, गेलं बघा आपलं." मी चपलाही न घालता पलीकडे धावले.

मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. नवं लुगडं, केसात अबोलीचा वळेसर. मागं लेक, सुना, नातू, सगळे तयार होऊन ओळीनं बसलेले.

"अहो मावशी, सकाळपासून असेच बसलात?"

"मंग? बोलवल्याबिगर जाऊ? तुजी वाट बघून पाय आखडले माजे. धर हात."

जाऊबाई निवडून आली, अगदी थोडक्यात. रात्री लेकीचा फोन. "आई, इंटरनेटचा फायदा झाला ना?"

म्हटलं, "खूप झाला गं. सगळी गल्ली रुसली!"