घंटेमागचा पासवर्ड

शाळेत शिपाई म्हणून जन्म गेला. खडूची भुकटी रोज झाडून टाकता येते, किस्से मात्र साचत राहतात. निवृत्त झालो तरी सकाळची घंटा द्यायला जातो, म्हणून अजून भर पडतेच. यंदा धाराशिवहून एक मॅडम आल्या, ऑनलाइन फसवणुकीपासून सावध कसं राहायचं ते शिकवायला. मीही मागच्या बाकावर बसलो.

*

मॅडम शिक्षकांना म्हणाल्या, "पासवर्ड कुठं लिहून ठेवू नका."

"आमच्याकडं तसलं काही न्हाय," मुख्याध्यापक म्हणाले.

मग शाळेचा कॉम्प्युटर उघडायची वेळ आली. सर हळूच माझ्याकडं वळले. "मामा, पासवर्ड कुठाय?"

"घंटेमागं भिंतीवर, सर. रंग देताना तेवढी जागा सोडलीय."

*

खात्री नसलेली लिंक उघडायची नाही, हे शिक्षकांनी फारच मनावर घेतलं. संध्याकाळी सरांनी ग्रुपवर प्रशिक्षणाच्या हजेरीची लिंक टाकली. एकानंही उघडली नाही. सकाळी सर चिडले.

गणिताच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ती तुम्हीच टाकली कशावरून, सर?"

*

मुलांना मॅडमनी सांगितलं, परक्या नंबरवरून घरचं माणूस बोललं तरी खात्री करायची. त्यासाठी एक गुपित प्रश्न ठरवा.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापले प्रश्न ओरडून सांगितले, उत्तरांसकट. सातवीतली माझी नात सोनाली तेवढी गप्प होती. घरी विचारलं तर म्हणाली, "वेळ आल्यावर कळंल, आजोबा."

*

वेळ आली. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा शेवटचा दिवस. मी धाराशिवच्या ऑनलाइन केंद्रावर, आणि माझा फोन घरी चार्जिंगला. ओटीपी त्याच्यावर गेला. केंद्रावरच्या माणसाच्या फोनवरून घरी लावला.

"सोने, नंबर आलाय बघ. सांग पटकन."

"कोण बोलतंय?"

"अगं, मी आजोबा."

"आवाज कुणालाबी काढता येतो. आजीचं नाव घ्या."

आमचा सगळा संसार 'अगं' आणि 'ऐकलं का' यावर झालेला. नाव एकदाच घेतलं, लग्नात, तेही बायांनी दार अडवलं म्हणून. फोन स्पीकरवर. मागं रांग उभी, सगळे ऐकत होते.

"काका, ओटीपीची दोनच मिनिटं राहिलीत," केंद्रावरचा माणूस म्हणाला.

मी तोंड उघडलं. 'अगं' एवढंच बाहेर पडलं.

तिकडं सोनाली ओरडली, "आजी, आजोबाच हायत! नाव घेईनात. देऊ का नंबर?"

आतून सावकाश आवाज आला, "थांब गं. आधी घेऊ दे."