शशिकला पागनीसांचं लिंक्स

तुकोगंजात डॉक्टर यतीन दिघ्यांचं हाडांचं क्लिनिक आहे आणि वरच्या मजल्यावर त्यांचं घर. दर रविवारी सकाळी गोल्फ खेळून झालं की आम्ही तिघं त्या घराच्या गच्चीवर पोहे-जिलबी खात बसायचो आणि भांडायचो. डॉक्टर, कर्नल श्रीराम मुळ्ये आणि मी. मी पुण्याचा. पीथमपूरच्या एका औषध कंपनीत नोकरी लागली म्हणून इंदूरला आलो, आणि पोह्यांबरोबर जिलबी खाणाऱ्या माणसांमध्ये वर्षभरात मुरलो.

भांडणाचा विषय ठरलेला असे: जगातलं सगळ्यात चांगलं लिंक्स कोणतं? लिंक्स म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरचं गोल्फचं मैदान. झाडं जवळजवळ नाहीत, गवत आखूड, जमीन टणक आणि वारा सदा वाहता. गोल्फ वाढलं ते अशा मैदानांवर. त्यामुळे तिथं एकदा खेळून आलेला माणूस उरलेलं आयुष्य त्याबद्दल बोलत राहतो.

डॉक्टर एका परिषदेला स्कॉटलंडला गेले होते, तेव्हा सेंट अँड्र्यूजला खेळून आले. "जिथे सगळं सुरू झालं यार, त्याच्यापुढे काय बोलायचं?" हे त्यांचं वाक्य. कर्नलसाहेब महूहून निवृत्त झालेले. त्यांचं मत कार्नूस्टीला. "तुमचं सेंट अँड्र्यूज यात्रेकरूंसाठी. कार्नूस्टीचे शेवटचे दोन होल खेळा. ओढा असा वळून वळून आडवा येतो, की माणसाला आपली लायकी समजते." मी आयर्लंडला तीन वर्षं काढलेली, म्हणून माझं बॅलीबनियन. पहिल्या होलच्या उजव्या हाताला कबरस्तान आहे आणि पुढे घराएवढे वाळूचे डोंगर. मी ते सांगायला लागलो की डॉक्टर जिलबीचं ताट माझ्याकडे सरकवायचे. तोंड बंद राहावं म्हणून.

या गच्चीवर शशिकला पागनीस आल्या त्या मोडलेल्या मनगटामुळे.

डॉक्टरांनी प्लास्टर घालता घालता विचारलं होतं, "पडलात कुठे?"

"पडले नाही. काठी दगडावर आपटली."

"कसली काठी?"

"पाच नंबरची. गोल्फची."

डॉक्टरांचे हात थांबले. समोर एकसष्ट वर्षांच्या, सुदामा नगरात राहणाऱ्या, सुती पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घातलेल्या बाई बसल्या होत्या. मनगट बरं झाल्यावर त्यांनी बाईंना रविवारी बोलावलंच.

शशीताईंचे आजोबा होळकरांच्या दरबारी महसूल खात्यात होते. त्या स्वतः हवामान खात्यात, विमानतळावरच्या वेधशाळेत निरीक्षक होत्या. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: वारा मोजणं. पहाटे हायड्रोजनचा फुगा सोडायचा, दुर्बिणीतून त्याच्यामागे जायचं, कोणत्या उंचीवर वारा कुठून आणि किती जोराचा आहे ते लिहायचं. त्यांच्या आकड्यांवर विमानं उतरायची. आठ वाजता ड्यूटी संपायची आणि घरी कुणी उठून आवरलेलं नसायचं, म्हणून परतायची घाई नसे.

खात्यातले एक जुने साहेब बदलीवर जाताना सहा काठ्यांची पिशवी मागे टाकून गेले. ती दोन वर्षं स्टोअरमध्ये धूळ खात पडली. एका सकाळी शशीताईंनी त्यातली एक काढली, कार्यालयामागच्या माळावर एक गोटा ठेवला आणि हाणला. "गोटा गेला नाही, पण हवेत काठीचा जो आवाज आला ना, तो आवडून गेला," त्या सांगत. तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या.

खेळायला जागा त्यांनीच शोधली. इंदूरबाहेर, सांवेरच्या अलीकडे मुरुमाचा एक उंचवटा आहे. बंद पडलेल्या एका कापड गिरणीच्या साहेबांनी कधीकाळी तिथं नऊ होलचं मैदान आखलं होतं. गवताला पाणी कुणी देत नाही. होलभोवती जे कातरलेल्या गवताचं हिरवं ग्रीन असतं, त्याच्या जागी वाळूत जुनं इंजिन ऑइल कालवून, दाबून केलेली तपकिरी वर्तुळं आहेत. त्यांना ब्राऊनच म्हणतात. गावातल्या आनंदीबाई नावाच्या एक बाई त्यांच्यावरून लाकडी फळी ओढून ती सपाट करतात. अठ्ठावीस वर्षं, आठवड्यातून एकदा, शशीताई स्कूटी घेऊन तिथं जात होत्या. बहुतेक वेळा एकट्याच.

आमच्या गच्चीवर त्या पहिले तीन रविवार गप्प बसल्या. चौथ्या रविवारी कर्नलसाहेब कार्नूस्टीच्या वाऱ्याचं वर्णन करत होते. टोपी कशी उडाली, पायांवर उभं राहणं कसं मुश्किल झालं.

"किती होता?" शशीताईंनी विचारलं.

"काय किती?"

"वारा. नॉट्समध्ये सांगा ना."

कर्नलसाहेबांनी अंदाज केला. "पंचवीस असेल. झोत तिसाचे."

"बस?"

कर्नलसाहेबांनी चमचा बशीत ठेवला. त्या म्हणाल्या, "मतलब, कमी नाही हो. पण मे महिन्यात आपल्याकडे दुपारी इतका तर रोजच असतो. आंधी आली की चाळीसच्या वर मी स्वतः लिहिलाय." मग माझ्याकडे वळल्या. "नचिकेत भिया, लिंक्सला काय काय लागतं, एकदा नीट सांगा."

मी सांगितलं. टणक जमीन. आखूड गवत. झाडं नाहीत. वारा. चेंडू उंच मारून चालत नाही, तो जमिनीवरून पळवावा लागतो.

"हे तर आपलं सांवेरचं मैदान झालं."

डॉक्टर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अहो शशीताई, लिंक्सला समुद्र लागतो, समुद्र!"

"का? चेंडूला समुद्र दिसतो का?"

कर्नलसाहेब मिशीत हसले. पण डॉक्टर हट्टाला पेटले. म्हणाले, "ऐसा है ताई, ज्यांनी लिंक्स पाहिलंच नाही, त्यांना या चर्चेत मत नाही. नियम म्हणजे नियम."

शशीताईंचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता उठून जातील आणि परत यायच्या नाहीत. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे. मग तुम्ही तिघं माझ्या मैदानावर या. मेच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी चार वाजता. नऊ होल. तुम्ही खरं लिंक्स खेळलेली माणसं, तुम्हाला काय जड जाणार आहे? माझ्यापुढे एक जण जरी निघाला, तरी मी या विषयावर तोंड उघडणार नाही."

"आणि तुम्ही जिंकलात तर?" मी विचारलं.

"तर मला मत."

त्या शनिवारी पारा त्रेचाळीसवर होता. आम्ही डॉक्टरांच्या गाडीतून उतरलो आणि वाऱ्यानं दरवाजा हातातून हिसकावून घेतला. समोर पिवळा, उघडा माळ. एका कडुनिंबाखाली शशीताईंचे यजमान अरविंदराव, निवृत्त गणिताचे मास्तर, छत्री, पन्ह्याचा थर्मास आणि वही घेऊन बसले होते. त्यांनी आयुष्यात काठी हातात धरली नव्हती, पण बायकोचा हिशेब चुकू नये म्हणून फटके तेच लिहिणार होते; ज्याचे सगळ्यात कमी, तो जिंकणार. आनंदीबाई फळी टेकवून उभ्या होत्या. आम्हाला आपादमस्तक पाहून म्हणाल्या, "आज तो हवा घणी हे, बाबूजी." म्हणजे वारा फार आहे.

पहिला फटका डॉक्टरांचा. त्यांच्याकडे नवीकोरी महागडी काठी. चेंडू सुरेख उंच गेला, आकाशात जणू थांबला, आणि मग वाऱ्यानं त्याला उचलून शेजारच्या रिकाम्या सोयाबीनच्या शेतात नेऊन टाकलं. माझा सरळ गेला, तर तो काळ्या जमिनीच्या भेगेत गडप झाला. हात कोपरापर्यंत घातला तरी लागेना.

"भेगेत गेला की दंड नाही," शशीताई म्हणाल्या. "इथला नियम आहे. दुसरा टाका."

मग त्यांनी मारला. खरं सांगायचं तर बघायला काहीच नव्हतं. काठी कमरेच्या वर गेली नाही. चेंडू माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवरून निघाला, शंभर पावलांवर टेकला आणि मग मुरुमावरून पळत सुटला. पळतच राहिला. डॉक्टरांच्या सगळ्यात लांब फटक्याइतका दूर जाऊन थांबला.

तिसऱ्या होलपर्यंत माझ्या लक्षात आलं की या बाई चेंडू मारण्याआधी त्याच्याकडे पाहतच नाहीत. त्या लांब बघत. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागचा धुरळा, शेताच्या बांधावर अडकलेली प्लॅस्टिकची पन्नी, उतरणारी घार. मी विचारलं तर म्हणाल्या, "झोत येतो आणि मग सात-आठ सेकंद दम घेतो. तेवढ्यात मारायचं." मी प्रयत्न केला. सात सेकंद मोजून मारायला गेलो आणि नवव्या सेकंदाच्या झोतात सापडलो.

डॉक्टर आणि मी पाचव्या होलवरच संपलो होतो. पण कर्नलसाहेब जुने फौजी. असल्या रुक्ष मैदानांवर त्यांनी उमेदीची वर्षं काढलेली. त्यांनी मोठ्या काठ्या पिशवीत घातल्या आणि चेंडू जमिनीलगत मारायला सुरुवात केली. सहाव्या होलवर ते एका फटक्यानं मागे होते, आठव्याला बरोबरीत आले. अरविंदराव छत्री सांभाळत झाडाखालून उठून आमच्या मागे येऊ लागले होते. आठवा होल संपला तेव्हा त्यांनी वही वाचली, "शशिकला छत्तीस, कर्नल छत्तीस."

नववा होल दीडशे यार्डांचा, थेट वाऱ्याच्या तोंडावर. मध्ये कोरडा नाला, पलीकडे चढावर ब्राऊन. कर्नलसाहेबांनी वारा जोखला, दोन नंबर मोठी काठी घेतली आणि मारला. तो दिवसातला सर्वांत देखणा फटका होता. चेंडू रेषेत गेला. पण नाला ओलांडायचा तर उंच जायला हवं, आणि उंच गेला की वारा. नाल्याच्या वर तो हवेतच अडला आणि दगडासारखा आत पडला.

शशीताई पुढे आल्या. पाच नंबरची काढली, जिच्यामुळे मनगट मोडलं होतं तीच. चेंडू उजव्या पायाजवळ घेतला. आणि नेम धरला डावीकडे, झेंड्यापासून चांगला वीस हात बाजूला.

"शशीताई, झेंडा तिकडे आहे," मी न राहवून म्हणालो.

"माहितीये."

त्या धुरळ्याकडे बघत राहिल्या. झोत आला, ओढणी फडफडली, गेला. त्यांनी मारला. चेंडू खाली खाली गेला, नाल्याच्या अलीकडे टेकला, आणि तेव्हा मला दिसलं. तिथं नाला उथळ होता. ट्रॅक्टर ये-जा करून दोन चाकोऱ्या पडल्या होत्या. चेंडू डाव्या चाकोरीत शिरला, उतारावरून नाल्यात गेला, त्याच वेगानं पलीकडे चढला, चाकोरीच्या वळणावर उडून उजवीकडे वळला आणि ब्राऊनवर आला. झेंड्यापासून सहा फूट.

मग आनंदीबाईंनी फळी टाकून टाळ्या पिटल्या, आणि अरविंदराव, जे तोपर्यंत एकदाही मोठ्यानं बोलले नव्हते, "वा! वा रे शशी!" म्हणून ओरडले.

कर्नलसाहेबांना नाल्यातून निघून होल संपवायला एकूण पाच फटके लागले. शशीताईंनी सहा फुटांचा तो चेंडू घाई न करता होलमध्ये घातला. अडतीस आणि एक्केचाळीस. डॉक्टर पन्नास. माझा आकडा अरविंदरावांनी फक्त मला दाखवला, हे त्यांचं मोठेपण.

कर्नलसाहेबांनी टोपी काढली, टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट ठोकला. डॉक्टर घामानं निथळत होते. त्यांनी पुढे होऊन शशीताईंचा हात हातात घेतला, सवयीनं मनगट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "मान गए ताई. बोला, तुमचं मत?"

"माझं मत सांवेरला."

"माझंही," कर्नलसाहेब म्हणाले. "कार्नूस्टीच्या ओढ्यात निदान पाणी तरी होतं. इथं कोरड्यात बुडालो."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. बॅलीबनियनवर माझा जीव आहे, आजही आहे. पण मी हात वर केला. मग डॉक्टरांनीही केला. आनंदीबाईंना कशाबद्दल चाललंय ते ठाऊक नव्हतं, तरी त्यांनीही केला.

आम्ही कडुनिंबाखाली फतकल मारून बसलो. पन्ह्याचा थर्मास एका फेरीत संपला. डॉक्टरांनी बूट काढून तळवे जमिनीला टेकवले आणि चटका बसून पुन्हा घातले. शशीताई मात्र बसल्याच नाहीत. ओढणी कमरेला खोचून त्या पश्चिमेकडे पाहत होत्या. उंच वाळलेलं गवत आता एकसारखं एका अंगाला लवलं होतं. त्यांचं तोंड उन्हानं लाल झालं होतं आणि इतकं खूश, की मला माझ्या पराभवाचं काही वाटेना.

"आत्ता कुठे हवा एकसारखी चालून राहिली आहे नीट," त्या म्हणाल्या. "उजेडही आहे अजून तासभर. कोण येतंय?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. कर्नलसाहेब गुडघ्यावर हात ठेवून कण्हत उठले. मीही उठलो. आम्ही पिशव्या खांद्याला लावेपर्यंत शशीताई पहिला होल सुरू होतो त्या टीवर पोहोचून चेंडू ठेवून उभ्या होत्या.